प्रशिक्षकाचा स्वभाव, संघाची प्रकृती

वाचकहो, आपल्यापैकी जे आज नव्वदीच्या घरात आहेत आणि ज्यांचे बालपण वा तारुण्य मुंबईत गेले, त्यांना कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषकाचे सामने कदाचित आठवत असतील. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबाद पोलीस संघाने जिंकला. मुंबईकर प्रेक्षकांनी त्या संघातील खेळाडूंची नावे तोंडपाठ केली होती. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या प्रशिक्षकाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नसेल. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. अलीकडे, २०२४ साली, अजय देवगण यांच्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नातवंडांच्या पिढीलाही हे नाव ठाऊक झाले.

आरोग्यविषयक पाक्षिकात फुटबॉलच्या प्रशिक्षकाचे काय काम, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध रुग्णांपैकी बहुतेकांच्या मागे एक लहानसा संघ उभा असतो. त्यात मुलगा, सून, लेक, दिवसपाळीची आया, शेजारच्या वहिनी असे अनेकजण असतात. त्या संघाची सूत्रे कोणा एकाच्या हाती असतात. दोन घरांत आजार एकच असतो, औषधेही तीच असतात, तरी एका घरातील आजोबा तीन महिन्यांत काठी घेऊन अंगणात फिरू लागतात आणि दुसऱ्या घरातील आजोबा खाटेला खिळतात. या फरकात वय, इतर आजार, आर्थिक स्थिती यांचा वाटा असतोच. पण सूत्रे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्वभावाचाही असतो, आणि तो किती मोठा असू शकतो हे मला पाठ्यपुस्तकांपेक्षा फुटबॉलच्या इतिहासाने अधिक स्पष्ट केले.

रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर होते. १९५० पासून मृत्यूपर्यंत त्यांनी हैदराबाद पोलीस संघ घडवला आणि त्याच काळात राष्ट्रीय संघाची जबाबदारीही वाहिली. १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत. त्या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. एवढ्या मानहानीनंतर एखादा प्रशिक्षक खेळाडूंवर खापर फोडून मोकळा झाला असता. रहीमसाहेब हैदराबादला परतले आणि त्यांनी शिकवण्याची रीत बदलली.

त्यांनी काय केले ते ऐका. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत चेंडू स्वतःच्या पायाशी खेळवत पुढे नेण्यास, म्हणजे ड्रिबलिंगला, मनाई होती. चेंडू आला की तो लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. आणखी एका प्रकारच्या सामन्यांत ज्याचा उजवा पाय बळकट त्याने केवळ डाव्याने खेळायचे, असा नियम होता. पहिल्या नियमाने एकट्याने मिरवण्याची हौस मोडली. दुसऱ्याने दुबळ्या पायाला काम लागले. भाषण न देता, केवळ नियम बदलून खेळाडूची सवय बदलायची, हा मास्तराचा स्वभाव.

यातील दुसरा नियम वाचताना मला नेहमी पक्षाघाताचे रुग्ण आठवतात. पक्षाघातानंतर दुर्बल झालेल्या हाताला काम मिळावे म्हणून धडधाकट हातावर दिवसातील काही तास जाड हातमोजा चढवून तो बांधून ठेवण्याची एक मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. मनगट आणि बोटे थोडीफार हलत असतील अशाच रुग्णांत ती उपयोगी पडते. ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते, घरी स्वतःच्या मनाने नव्हे. पण त्यामागील तत्त्व आपण घरीही वापरू शकतो. आजींच्या सदऱ्याची गुंडी लावायला त्यांना पाच मिनिटे लागत असतील तर ती पाच मिनिटे त्यांना द्यावीत. सून प्रेमापोटी दहा सेकंदांत गुंडी लावून देते आणि तो हात त्या दिवशीच्या सरावाला मुकतो. पहिला नियमही तितकाच लागू पडतो. ‘मला कोणाचा भरवसा वाटत नाही, मीच सगळे करते,’ असे म्हणणारी लेक चेंडू एकटीच पायाशी घेऊन धावत असते. चार महिन्यांनी ती थकते, आणि तोवर घरातील दुसऱ्या कोणालाही इन्सुलिन टोचता येत नसते.

पुन्हा मैदानाकडे वळू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत मूळ गोव्याच्या आणि मुंबईत गाजलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. रोमला गेलेल्या त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम राखीव खेळाडू होता. तो संपूर्ण स्पर्धेत एकदाही मैदानात उतरला नाही. या एका गोष्टीने इतर खेळाडूंच्या मनात जो विश्वास निर्माण झाला असेल, तो शंभर शिबिरांनी होणार नाही. आपल्या घरांतही नेमके इथेच बिनसते. लाडक्या लेकाच्या वाट्याला केवळ फोनवरून चौकशी येते आणि सगळी उष्टीखरकटी सुनेच्या वाट्याला. मग त्या संघाकडून उत्साहाची अपेक्षा कशी करावी?

आता जकार्ता, १९६२. भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि आपण ०-२ असे हरलो. पुढच्या सामन्यात थायलंडविरुद्ध बचावफळीचा कणा असलेले जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. उपांत्य फेरीपूर्वी रहीमसाहेबांपुढे प्रश्न उभा राहिला. बचावातील खेळाडूला डोक्याने चेंडू परतवावाच लागतो, तेथे या डोक्याचे काय करायचे? जर्नेल सिंग महाविद्यालयात असताना आघाडीला खेळत असत, हे रहीमसाहेबांच्या लक्षात होते. त्यांनी जखमी खेळाडूला घरी पाठवले नाही आणि मूळ जागीही ठेवले नाही. त्याला आघाडीला नेले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही.

त्या अंतिम सामन्याची हवा आपल्याविरुद्ध होती. इस्राएल आणि तैवान यांना प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी यजमानांवर टीका केली होती, त्यामुळे सेनायन मैदानावर जमलेले सुमारे लाखभर प्रेक्षक भारतीय संघावर चिडलेले होते. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. फ्लूने आजारी असलेले उंचपुरे गोलरक्षक पीटर थंगराज यांना रहीमसाहेबांनी या सामन्यासाठी उतरवले. चुनी गोस्वामी कर्णधार होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी पहिल्या अर्ध्यातच गोल केले आणि भारत २-१ असा जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर आजतागायत आपल्याला मिळालेले नाही.

डॉक्टर म्हणून इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या गोष्टीचा चुकीचा अर्थ निघू शकतो. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला मी मैदानात उतरू दिले नसते, आणि आजचे खेळाचे नियमही त्याबाबत कडक झाले आहेत. ताप असताना जोराचे श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो, म्हणून थंगराज यांनाही मी विश्रांतीच सांगितली असती. त्या काळाचे ज्ञान वेगळे होते आणि ते खेळाडू पंचविशीच्या आसपासचे होते. आपल्या घरात मात्र ‘पडलो तर काय झाले, उठून चालायला लागलो’ हा बाणा चालवून घेऊ नका. रक्त पातळ करणारे औषध घेणारी वृद्ध व्यक्ती डोक्यावर पडली तर ती ठणठणीत दिसत असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधीकधी काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही डोके वर काढतो. वाढती गुंगी, डोकेदुखी, बोलण्यातील असंबद्धता, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. ‘वय झाले, असेच व्हायचे’ म्हणून ती सोडून देऊ नयेत.

रहीमसाहेबांच्या त्या निर्णयातून घेण्यासारखे आहे ते निराळेच. माणसाला आज काय जमत नाही हे सगळ्यांनाच दिसत होते. त्याला पूर्वी काय जमत होते, हे प्रशिक्षकाला आठवत होते. ही आठवण आपल्या माणसांची खरोखर ओळख असल्याशिवाय येत नाही. गुडघ्यांमुळे स्वयंपाकघरात उभ्या राहू न शकणाऱ्या आजी बसल्या जागी लसूण सोलू शकतात, नातवाचे पाढे घेऊ शकतात, घरखर्चाचा हिशेब ठेवू शकतात. त्यांना विश्रांतीच्या नावाखाली संघाबाहेर बसवले की त्यांची भूक मंदावते, झोप बिघडते आणि मग त्या दोन तक्रारींसाठी त्यांना माझ्याकडे आणले जाते. तेथे गोळी लिहून देण्यापूर्वी मला विचारावे लागते, ‘दिवसभर त्या काय करतात?’ याचे उत्तर बहुधा कोणाकडेच नसते.

रहीमसाहेबांचे शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे कोलकात्याचे नामांकित प्रशिक्षक झाले. खेळाडूंना चेतवणारी त्यांची भाषणे तेथे ‘व्होकल टॉनिक’ या नावाने प्रसिद्ध होती. त्यांचे समकालीन अमल दत्त अगदी वेगळ्या घडणीचे. अभ्यासू, नव्या रचनांचे वेड असलेले आणि जिभेला धार असलेले. १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. दत्त यांचा मोहन बागान संघ ‘डायमंड’ नावाच्या रचनेने खेळत होता आणि फार जोरात होता. सामन्यापूर्वी दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची जाहीर टिंगल केली. कोवळ्या वयाचा बायचुंग भुतियाही तीत सापडला. बॅनर्जी यांना आयतेच टॉनिक मिळाले. १३ जुलै रोजी सॉल्ट लेक मैदानावर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला. त्यातील तीन गोल बायचुंगचे होते.

दत्त यांची रचना चुकीची होती असे मला म्हणायचे नाही. जाणकार तिचे आजही कौतुक करतात, आणि माझ्या मते ते त्या दोघांतील अधिक बुद्धिमान प्रशिक्षक होते. पण उपहासाचे वैशिष्ट्य असे की तो कोणावर काय परिणाम करील याचा नेम नसतो. बायचुंगसारख्या विशीतल्या खेळाडूला टोमणा पेटवतो. ऐंशीच्या माणसाला तो बहुधा विझवतो. ‘आता तुम्हाला काय कळणार बाबा,’ हे वाक्य घरात किती सहजपणे उच्चारले जाते! ते ऐकणारे बाबा दुसऱ्या दिवसापासून आपल्या गोळ्या स्वतः मोजणे सोडून देतात.

मग रागवायचेच नाही का, असा प्रश्न सांभाळणारी मंडळी मला विचारतात. याला उत्तर म्हणून स्कॉटलंडच्या अॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण मी देतो. १९८६ ते २०१३ या काळात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला १३ वेळा साखळी विजेतेपद मिळवून दिले. मध्यंतरात खेळाडूच्या तोंडासमोर उभे राहून ते असे काही ओरडत की त्या ओरडण्याला ‘हेअरड्रायर’ हे नाव पडले. १९९५ च्या जानेवारीत त्यांच्याच एरिक कँटोना या मानी फ्रेंच खेळाडूने प्रेक्षकाला लाथ मारली आणि त्याच्यावर दीर्घ बंदी आली. तो क्लब सोडायच्या विचारात होता. तेव्हा हेच तापट फर्ग्युसन पॅरिसला गेले, त्याची समजूत काढली आणि त्याला परत आणले. राग कोणासाठी आणि मनधरणी कोणासाठी, हे त्यांना कळत होते. मधुमेही आजोबांनी चोरून पेढा खाल्ला तर कोणी रागावल्याने ऐकतात, कोणी नातीने लाडीगोडी लावल्याने, आणि कोणी ग्लुकोमीटरवरचा आकडा स्वतः पाहिल्यावर. हे प्रत्येक घराने आपापले शोधायचे आहे. एक गोष्ट मात्र वैद्यकीय आहे. वयोमानाने आलेल्या बहिरेपणात उंच पट्टीतले आवाज आधी हरवतात. अशा माणसावर ओरडल्याने शब्द आणखी अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचा त्रागा तेवढा पोचतो. समोर बसून, ओठ दिसतील असे, किंचित खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे.

आता प्रशिक्षकाच्या स्वतःच्या शरीराविषयी. स्कॉटलंडचे जॉक स्टीन हे फर्ग्युसन यांचे गुरू. ग्लासगो आणि परिसरातील स्थानिक मुलांना घेऊन त्यांनी १९६७ साली सेल्टिक संघाला युरोपीय चषक मिळवून दिला. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्धचा अटीतटीचा सामना संपत आला असताना ते मैदानाच्या कडेला कोसळले आणि तेथेच, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्या सामन्यात त्यांचे साहाय्यक फर्ग्युसनच होते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलचे प्रशिक्षक जेरार हुलिए यांना मध्यंतरात अस्वस्थ वाटू लागले. महारोहिणीचा आतला पदर फाटला होता. सुमारे अकरा तासांच्या शस्त्रक्रियेनंतर ते वाचले, आणि पाच महिने संघ त्यांचे साहाय्यक फिल थॉम्पसन यांनी सांभाळला. हा आजार बहुतेकदा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या उच्च रक्तदाबातून उद्भवतो, म्हणून सांगतो. आईवडिलांना तपासणीसाठी माझ्याकडे आणणाऱ्या पन्नाशीच्या मुलामुलींचा रक्तदाब मी त्याच खुर्चीवर मोजतो. ‘माझे राहू द्या डॉक्टर, आधी आईचे बघा,’ असे म्हणणाऱ्यांचा आकडा अनेकदा आईपेक्षा वाढलेला निघतो.

रहीमसाहेबांचे तर याहून वाईट झाले. जकार्त्याच्या सुवर्णपदकानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. नऊ महिन्यांत माणसाला नेणारा कर्करोग त्या लाख प्रेक्षकांच्या गोंगाटात त्यांच्या शरीरात होताच, असे मी वैद्यकीय अनुभवावरून म्हणू शकतो. त्यांच्यामागे त्यांची जागा घेणारा कोणी तयार नव्हता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम ही त्रयी असामान्य होती आणि केवळ प्रशिक्षकाने तिला घडवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही १९६६ च्या आशियाई स्पर्धेत भारत रिकाम्या हाताने परतला.

याउलट एक अलीकडचे उदाहरण आहे. २०२४ च्या जानेवारीत लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी जाहीर केले की आपली शक्ती संपत चालली आहे, म्हणून हा मोसम संपताच आपण पद सोडू. भावनाप्रधान, खेळाडूंना मिठ्या मारणारा, कडेवरून मुठी उगारणारा हा माणूस, आणि त्यांच्या जागी येणारे आर्ने स्लॉट शांत, मोजके बोलणारे. मे महिन्यातील निरोपसमारंभात क्लॉप यांनी नव्या प्रशिक्षकाच्या नावाचे गाणे स्वतः म्हटले आणि मैदानभर प्रेक्षकांना म्हणायला लावले. पुढच्याच मोसमात जवळजवळ त्याच खेळाडूंनिशी स्लॉट यांनी साखळी जिंकली.

आपल्याकडे आई सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे, अशी वाटणी अनेक घरांत असते. निघतानाच्या पिशवीत औषधांची चालू यादी, शेवटच्या तपासण्यांचे कागद, चष्मा, कवळीचा डबा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि रात्री कितीदा उठावे लागते याची नोंद असावी. नव्या घरची पद्धत वेगळी असणार. तिथे जेवण उशिरा होईल, फिरायला बागेऐवजी गच्चीवर नेतील. औषधांच्या वेळा तेवढ्या सांभाळल्या जात असतील तर पहिले पंधरा दिवस फोन करून सूचना देऊ नयेत. आणि आईला रिक्षात बसवताना, तिच्या देखत, धाकट्या जाऊबाईंच्या हातच्या कढीची तारीफ करावी.